वधूच्या सहीचा रकाना

अंकुशचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. अंकुश माझा धाकटा भाऊ, नागपुरात मेकोसाबागेत आईबाबांजवळ राहतो. मी लग्न होऊन कामठीला आले, त्याला आता वीस वर्षं झाली. फोनवर आधी काही वेळ तो नुसता हसतच होता. मग कसंबसं म्हणाला, "ताई, उभी असशीन तर बस. आपल्या आईबाबाचं लगनच नाही झालं वं!"

मला वाटलं, याला ताप आलाय.

झालं होतं असं की, आमच्या चर्चमध्ये सौरव नावाचे नवे पास्टर आले आहेत. वय बत्तीस, उत्साह दोन माणसांचा. आईबापाचा मान राखावा ही बायबलातली आज्ञा आपण लेकरांकडून दरवर्षी घोकून घेतो, एक रविवार ती पाळून दाखवू या, असं त्यांच्या मनात आलं. नोव्हेंबरचा पहिला रविवार ठरला. ज्यांच्या संसाराला पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली अशी जोडपी पुढे बसवायची, त्यांच्या लेकरांनी त्यांना हार घालायचे, आणि चर्चच्या जुन्या रजिस्टरातून त्यांच्या लग्नाची नोंद सगळ्यांसमोर वाचायची. त्यासाठी पास्टरांनी कपाटातली रजिस्टरं खाली काढली. १९७६ च्या मे महिन्यात आमच्या आईबाबांची नोंद सापडली. वराची सही होती. साक्षीदारांच्या सह्या होत्या. पाद्रीसाहेबांचीही होती. वधूच्या सहीचा रकाना मात्र कोरा.

त्याच संध्याकाळी मी मेकोसाबागेत पोचले. पास्टर सौरव रजिस्टर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले होते, जसं काही बाळच. त्यांचा चेहरा उतरलेला. त्यांनी ते पान उघडून आईसमोर धरलं. आई म्हणजे इंदूबाई, वय अडुसष्ट, अख्ख्या मोहल्ल्यात अक्षरासाठी प्रसिद्ध. चर्चच्या फळ्यावर दर आठवड्याला सूचना तीच लिहिते. तिने चष्मा लावला, पान वाचलं, आणि हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती पलंगावर बसली आणि पदरात तोंड घालून हसत राहिली. अंकुशची बायको पिंकी पाणी घेऊन आली, ती पण हसायला लागली, कशाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"आई, सही काहून नाही केली तू?" अंकुशने विचारलं.

"मी कराले तयारच होती. कोणी पेन दिलं काय?" आईने डोळे पुसले आणि सांगायला लागली.

ती काटोलकडची. तिचे वडील चंद्रभान संत्र्याच्या बागेत राखणदार होते, पण मुलीला सायकलवर मागे बसवून रोज शाळेत नेत. ती मॅट्रिक झाली तेव्हा आजोबांनी सगळ्या गावात गूळ वाटला होता. लग्नाच्या दिवशी पाद्रीसाहेबांना आणखी तीन लग्नं लावायची होती. बाबांनी सही केली आणि पाद्रीसाहेबांनी आईसमोर शाईचं पॅड सरकवलं.

"म्हणे, अंगठा लाव बेटा. मी हात मागं घेतला. म्हटलं, मले लिहिता येते. ते म्हणे, बाया अंगठाच देतात, वेळ नाही. मग माझे बाबा उठले. म्हणाले, माझी पोट्टी मॅट्रिक आहे, तिले पेन द्या. तर इकडचे एक काका म्हणाले, पोरीच्या बापानं आवाज चढवू नये. माझे बाबा गप्प बसले. पण मी काही अंगठा देल्ला नाही. तेवढ्यात बाहेरून कोणी ओरडलं, पंगत बसली, भात थंडा होऊन राहिला! झालं. सगळे पळाले जेवायले."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"तुझे बाबा पहिल्या पंगतीत होते."

आमचे बाबा, रुपराव, वय त्र्याहत्तर, एस.टी.च्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

पास्टरांनी खिशातून पेन काढलं. "इंदूमावशी, काळजीचं काही नाही. देवासमोर तुम्ही वचनं दिली, लग्न पूर्ण झालं. ही फक्त राहून गेलेली सही. आता करून टाका."

आईने पेन घेतलं. टोपण काढलं. रकान्यावर हात नेला. मग हात थांबला. तिने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान आणखी खाली घातली. आईने टोपण परत लावलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"म्हणजे?" पास्टर घाबरले.

"एकोणीस वर्षांची होती तेव्हा मले कोणी विचारलं नाही. आता विचारा. देवासमोर लगन झालं, ते मले मंजूर आहे. पण या रजिस्टरापुरती मी अजून कुमारीच हावो ना? मग कुमारी पोरीनं परक्याच्या घरी राहावं, हे बरं दिसते काय? वंदू, माझी बॅग काढ," ती मला म्हणाली.

आम्हाला वाटलं, गंमत चालली आहे. पण तिने खरंच चार साड्या, औषधाची डबी आणि गीतांचं पुस्तक बॅगेत भरलं आणि माझ्या स्कूटरवर मागे येऊन बसली. कामठी रोडवर ट्रकांच्या गर्दीतून मी गाडी काढत होते आणि ती माझ्या पाठीला लागून खुदुखुदु हसत होती. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "वंदू, तुले राग नाही ना आला?"

"मला समजूनच नाही राहिलं, आई."

"मले बी," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

कामठीत आमच्या गल्लीत दिवसरात्र पॉवरलूमची खटखट असते. नवख्या माणसाला झोप येत नाही. आई सकाळी आठपर्यंत झोपली. उठल्यावर तिने जाहीर केलं की ती लग्नाची मुलगी आहे, त्यामुळे पोळ्या लाटणार नाही. दुपारी शेजारच्या बायकांबरोबर बाजारात गेली, पाणीपुरी खाल्ली, हिरव्या बांगड्या भरून आली आणि आल्याबरोबर झोपाळ्यावर बसली. माझा नवरा प्रीतम तिला म्हणाला, "सासूबाई, नखपॉलिश राहिलं." तर दुसऱ्या दिवशी तेही झालं. पाहणाऱ्याला हसू येत होतं. मलाही येत होतं. आयुष्यभर पहाटे पाचला उठलेली माझी आई अशी हातपाय पसरून बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

बाबांचा पहिला फोन मंगळवारी आला. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"वंदू, तुझ्या आईले विचार, माझ्या डोळ्यात टाकायचे थेंब कुठं आहेत?"

आई झोपाळ्यावरून मोठ्याने म्हणाली, "परक्या माणसाच्या डोळ्याचं मले काय माहीत? फ्रिजच्या दारात पाहा म्हणा."

"सापडले," बाबा म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नव्हता. आईही झोका घ्यायची थांबली होती. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, ठेवू?" तेव्हा ते दचकून "हाव, ठेव," म्हणाले.

बुधवारी अंकुशचा फोन. तो आता हसत नव्हता. "ताई, बाबा जेवून नाही राहिले नीट. पिंकीनं कोथिंबिरीची सांबारवडी केली, तरी अर्धी पोळी खाऊन उठले. तू आईले समजाव."

"तू बाबांना समजाव."

"मी बाबांच्या बाजूचा हावो!"

"मी आईच्या."

आम्ही दोघंही लहानपणी संडे स्कूलमध्ये पहिले आलेलो. त्या आज्ञेत आई आणि बाप एका दमात येतात. दोघं दोन घरांत जाऊन बसले तर लेकरांनी काय करायचं, हे आम्हाला कोणत्याच टीचरने शिकवलं नव्हतं. मी हे प्रीतमला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "त्या हसून राहिल्या, पण थट्टा नाही करून राहिल्या. त्यांनी काय म्हटलं? विचारा म्हटलं. मग येऊन विचारू द्या ना सासऱ्यांना."

इतकी साधी गोष्ट आम्हा दोघा हुशार भावाबहिणींना सुचली नव्हती.

गुरुवारी दुपारी चार वाजता मुलाकडची मंडळी आली. म्हणजे बाबा आणि अंकुश. अंकुशच्या मोटरसायकलवर बसायला बाबांनी नकार दिला, वाऱ्याने केस विसकटतील म्हणून. दोघं मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आले आणि तिथून शेअर ऑटोत. ऑटोत सहा जणांच्या मध्ये दाबून बसल्यामुळे पांढऱ्या शर्टाची इस्त्री गेलीच होती, पण केस जागेवर होते. हातात संत्र्यांची पिशवी. प्रीतमने दारात हात जोडले, "या या, बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला?" अंकुशने गंभीरपणे सांगितलं की आमचा मुलगा निर्व्यसनी आहे. मी आत जाऊन उशीत तोंड घालून हसून आले.

आई पोह्यांची प्लेट घेऊन बाहेर आली. जांभळी साडी, हिरव्या बांगड्या, नखं लाल. बाबा उभे राहिले. खरंच उभे राहिले, जसे काही कोणी साहेब आले. आई समोरच्या खुर्चीत बसली.

"काय करता आपण?" तिने विचारलं.

"रिटायर हावो."

"स्वयंपाक येते?"

"चहा येते. अंडा बॉइल येते."

"घोरता काय?"

"ते तुले... ते आपल्याले ठाऊक आहे."

अंकुश पोह्यांचा घास घेता घेता ठसकला, प्रीतमने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. आई मात्र आता हसत नव्हती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"एकच गोष्ट विचाराची आहे. खरं सांगाचं. त्या दिवशी माझे बाबा एकटे उभे होते. तुम्ही नवरदेव होते. तुमच्या एका शब्दानं मले पेन भेटलं असतं. तुम्ही काहून गप्प बसले?"

बाहेर पॉवरलूमची खटखट चालू होती. बाबांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"इंदू, मी सातवी शिकलेला. सही कराले शिकलो तेच लगनाच्या आठ दिवस आधी. वहीची वही भरून काढली, तरी अक्षर असं, जशा कोंबड्या पळून राहिल्या. तू मॅट्रिक. तुझ्या घरून आलेली चिठ्ठी पाहिली होती मी, तुझ्या हातची. छापल्यासारखी. मले वाटलं, माझ्या सहीच्या बाजूले ही सही करीन, तर जल्मभर लोक दोन्ही सह्या पाहतीन आणि हसतीन. म्हणून गप्प बसलो. पंगतीचा आवाज आला तेव्हा मले लय बरं वाटलं." त्यांनी घसा साफ केला. "रकाना कोरा आहे हे मले तेव्हापासून ठाऊक आहे. एकोणपन्नास वर्षं. दर रविवारी ते कपाट दिसते मले."

अंकुश खाली बघत होता. आमचे बाबा, ज्यांच्या हातून बंद पडलेली बस उठून चालायला लागे, ते कशाला तरी घाबरत असतील हे आमच्या कधी मनातही आलं नव्हतं. मला आठवलं, घरात कोणताही फॉर्म आला की बाबा तो आईपुढे ठेवत आणि म्हणत, तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. वर्कशॉपच्या परीक्षांचा अभ्यासही तिनेच त्यांच्याकडून करून घेतला होता, कणीक मळता मळता.

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे धावले. मला वाटलं, रडत असेल. ती ओट्याला टेकून उभी होती, पदराचा बोळा तोंडात, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती.

"भैताड माणूस!" ती कशीबशी म्हणाली. "माझ्या अक्षराले भेला वं! एवढा मोठा माणूस, माझ्या अक्षराले भेला! आणि मी समजत होती, याले माझी पर्वाच नाही."

"मग काय सांगू त्यांना?"

"थांब. तोंड धुते आधी. असं कसं जाऊ?"

तोंड धुऊन, पावडर लावून ती बाहेर आली. "मुलगा पसंत आहे," ती प्रीतमला म्हणाली, बाबांकडे न बघता. "रविवारी सही करीन."

बाबांनी विचारलं, "तोपर्यंत इथंच राहशीन?"

"मंग? लगनाआधी कुठं जाऊ?"

परत जाताना बाबा ऑटोपर्यंत इतक्या झपाझप चालले की अंकुश मागे राहिला. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या, असं पिंकीने कळवलं.

रविवारी आमची वरात कामठीहून निघाली. आमच्या शेजारी गोविंदा नावाचे फौजेतून रिटायर झालेले बँडवाले राहतात, ते ट्रम्पेट घेऊन आपण होऊन आले. मी म्हटलं, "काका, चर्चच्या आत नाही हं." ते म्हणाले, "गेटापासून दारापर्यंत तर वाजवू देशीन?" गेटापासून दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. आईने ती दहा मिनिटांत पार केली. गोविंदाकाका गाल फुगवून वाजवत होते, आमच्या गल्लीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि माझी आई आजूबाजूला बघत, थांबत, ओळखीच्या माणसांना मान हलवत चालली होती. दारात बाबा उभे होते. कोट घातला होता. उन्हात, कोटात, घामाने निथळत.

चर्च भरलेलं होतं. गोष्ट सगळ्यांना कळली होती, त्यामुळे जे लोक फक्त नाताळला दिसतात तेही हजर होते. पास्टरांनी आधी बाकीच्या सहा जोडप्यांना पुढे बोलावलं. लेकरांनी हार घातले, नोंदी वाचून झाल्या. मग टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि ते आमच्या आईबाबांकडे वळले. पण बाबांनी हात वर केला.

"मले आधी बोलाचं आहे."

बाबा चर्चमध्ये इतकी वर्षं शेवटच्या बाकावर बसले. त्यांचा आवाज तिथे कोणी ऐकलेला नव्हता. ते पुढे उभे राहिले आणि कामठीत जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं, सातवी, वही, कोंबड्या, पंगत, सगळं. शेवटी म्हणाले, "माझे सासरे त्या दिवशी पोरीसाठी उभे राहिले. ते आता नाहीत. त्यांच्या बाजूनं मी उभा राहाले पाहिजे होतं, ते आज राहिलो. उशीर झाला. माफ करा." आणि ते आईकडे वळले. "इंदू, पेन घे."

मागच्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं. गोविंदाकाका होते.

आई म्हणाली, "खुर्ची द्या. मी वाकून सही नाही करणार." अंकुश खुर्ची घेऊन धावला. ती बसली, चष्मा पुसला, आणि मग मान वर करून विचारलं, "पास्टर, नाव कोणतं लिहू? माहेरचं का सासरचं?"

पास्टर सौरव क्षणभर गोंधळले. त्यांनी वरच्या नोंदी पाहिल्या. "त्या दिवशीचं. माहेरचं."

आईचा हात थांबला. ते नाव तिने एकोणपन्नास वर्षांत लिहिलं नव्हतं. मग तिने लिहायला सुरुवात केली, हळू, एकेक अक्षर ठाशीव: कुमारी इंदू चंद्रभान. वडिलांचं नाव लिहिताना तिचे ओठ हलत होते. आडनाव लिहिलं, खाली रेघ ओढली, पेनाचं टोपण लावलं. बाबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मीही पाहिलं. डावीकडे कोंबड्या पळत होत्या, उजवीकडे छापल्यासारखं अक्षर. कोणीच हसलं नाही. मग आईनेच पाहिलं आणि हसली, आणि मग बाबा हसले, आणि मग अख्खं चर्च हसायला लागलं, पास्टर धरून. गीत सुरू करायचं होतं, पण वाजवणाऱ्या बाईंची बोटं पेटीवर पडेनात, हसूच आवरत नव्हतं. तीनदा सुरुवात करावी लागली.

नंतर अंगणात पंगत झाली, मटण आणि भात. बाबांनी स्वतः आईला वाढलं आणि तिने "बसा, जेवा" म्हटल्यावरच बसले. मला वाटलं, आता सगळे घरी जाणार, तिच्या चार साड्या मी परत मेकोसाबागेत पोचवणार. तेवढ्यात बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एस.टी.ची दोन तिकिटं काढली.

"अमरावतीची गाडी तीनची आहे," ते आईला म्हणाले. "तिथून चिखलदरा. विचारलं नाही तुले, चुकलं. येशीन काय?"

"थंडी असते तिथं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वंदू, तुझी ती लाल शाल दे."

मी खांद्यावरची शाल काढून दिली. अंकुश ओरडला, "बाबा, हॉटेल कुठलं? गोळ्या घेतल्या काय? फोन चार्ज आहे काय?" दोघांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. गेटाबाहेर ऑटो थांबवून ते बसलेसुद्धा. गोविंदाकाका हात न धुताच ट्रम्पेट उचलून धावले, आणि ऑटो वळेपर्यंत वाजवत राहिले.

सोमवारी दिवसभर फोन लागला नाही. मंगळवारी दुपारी लागला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"आई, बरी आहेस ना? बाबा कसे आहेत?"

"तुझे बाबा पॉइंटावर एका माणसाची जीप बंद पडली ना, तिच्या खाली घुसून राहिले. कोट घालून! मी टॉर्च धरून उभी हावो. ठेव आता, मले एका हातानं धरता नाही येत."